विश्लेषण : इंटरनेटवरील पत्ते कोण ठरवते? सामान्य वापरकर्त्याला त्यात किती वाव? जॉन पोस्टेल यांचे आयुष्य काय सांगते?

संकेतस्थळांची नावे आणि संगणकांचे क्रमांक यांचा जगभराचा हिशेब अडीच दशकांहून अधिक काळ प्रामुख्याने एका माणसाच्या हाती होता. जॉन पोस्टेल हे त्यांचे नाव. इतका मोठा अधिकार एका व्यक्तीकडे राहू नये म्हणून त्यांनी हयातीच्या शेवटच्या वर्षी संस्था उभारण्याचा खटाटोप केला आणि तिच्या संचालक मंडळात सामान्य इंटरनेट वापरकर्त्यांसाठी जवळपास निम्म्या जागा ठेवल्या. संस्थेची नोंदणी झाली आणि अवघ्या १६ दिवसांत पोस्टेल यांचे निधन झाले. त्या जागांचे पुढे काय झाले, हा प्रश्न देवनागरीत पत्ता लिहू पाहणाऱ्या मराठी वापरकर्त्यालाही लागू आहे.

इंटरनेटवरचा ‘पत्ता’ म्हणजे नेमके काय?

फोनवर बँकेचे किंवा रेल्वे आरक्षणाचे संकेतस्थळ उघडताना आपण एक नाव टाइप करतो. यंत्राला मात्र नाव कळत नाही, त्याला क्रमांक लागतो. हा क्रमांक म्हणजे आयपी पत्ता आणि आपण टाइप करतो ते डोमेन नाव. नावावरून क्रमांक शोधून देणारी यंत्रणा पडद्यामागे सतत काम करत असते. एकच क्रमांक दोघांना दिला गेला, तर एकाचे टपाल दुसऱ्याच्या दारात पडेल. एकच नाव दोघांना दिले, तर बँकेऐवजी भलत्याच ठिकाणी पोहोचण्याची भीती. त्यामुळे संपूर्ण इंटरनेट कितीही विकेंद्रित असले, तरी नावे आणि क्रमांक यांची मूळ यादी एकच असावी लागते. ही यादी कोण सांभाळणार, तिच्यात कोणती नावे घालणार, कोणाला किती दराने देणार, हे ठरवणे म्हणजेच पत्त्यांचे धोरण. वीज किंवा पाण्याच्या दरावर ग्राहक हरकत घेऊ शकतो. तशी सोय या यादीबाबत असावी का, हा पोस्टेल यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतला कळीचा प्रश्न होता.

जॉन पोस्टेल कोण होते?

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजेलिस परिसरातील व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. इंटरनेटच्या इतिहासात गाजलेले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. पोस्टेल यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली, १९६८ मध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तिथेच प्रा. लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत ते काम करत होते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांतून उभ्या राहणाऱ्या ‘अर्पानेट’ या जाळ्याचे पहिले केंद्र याच प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झाले. आजच्या इंटरनेटचे मूळ ते हेच.

लांब दाढी, पायांत सँडल आणि सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी घेऊन सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकंती, असा हा माणूस होता. बोलणे कमी, टिपणे मात्र काटेकोर. नव्वदच्या दशकात पत्रकारांनी त्यांना इंटरनेटचा देव ठरवले, तेव्हा ही उपमा त्यांच्या दिसण्यावरूनही सुचली होती. स्वतः पोस्टेल मात्र आपले काम कारकुनी स्वरूपाचे आहे, याच भावनेने ते करत राहिले.

यादी त्यांच्याकडे कशी आली?

कोणी नेमणूक केली नव्हती, निवडणूकही झाली नव्हती. अर्पानेटवरचे विद्यार्थी आपापसातील तांत्रिक सूचना क्रमांक दिलेल्या टिपणांतून मांडत. स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये त्यातले पहिले टिपण लिहिले. ‘आरएफसी’ या नावाने ही मालिका आजही सुरू आहे. नावातच अभिप्राय मागवण्याचा भाव आहे: आधी प्रस्ताव सर्वांपुढे ठेवायचा, हरकती ऐकायच्या आणि मग पुढे जायचे. या मालिकेचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले आणि ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

दरम्यान वेगवेगळी केंद्रे वेगवेगळ्या कामांसाठी एकच क्रमांक वापरू लागली होती. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एक छोटे टिपण लिहून सुचवले, की अधिकृत क्रमांक वाटण्यासाठी कोणीतरी एक जण नेमावा. आणि तो आपणच असू शकतो, असे प्रश्नचिन्ह टाकून अर्धवट थट्टेत नमूदही केले. कोणी हरकत घेतली नाही. पुढची २६ वर्षे ते काम त्यांच्याकडे राहिले. मार्च १९७७ मध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले. तिथे १९८०च्या दशकात जॉयस रेनॉल्ड्स या त्यांच्या सहकारी झाल्या आणि दोघांनी मिळून हा हिशेब सांभाळला. पुढे या कामाला ‘आयाना’ असे संस्थेसारखे नाव मिळाले. प्रत्यक्षात आयाना म्हणजे पोस्टेल, रेनॉल्ड्स आणि मोजकी माणसे. खर्च अमेरिकी सरकारच्या संशोधन करारातून भागत असे.

त्यांचे तांत्रिक योगदान यादी सांभाळण्यापुरते नव्हते. आजही इंटरनेट ज्या नियमांवर चालते, ते आयपी आणि टीसीपी यांचे सप्टेंबर १९८१ मधील मसुदे त्यांनी संपादित केले. ई-मेल पाठवण्याची पद्धत ठरवणारा १९८२ चा मसुदा त्यांनी लिहिला. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर गेले, त्या स्थलांतराचा आराखडाही त्यांचाच.

डॉट कॉम, डॉट इन ही नावे कुठून आली?

सुरुवातीला जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये असत आणि प्रत्येक केंद्र ती फाइल उतरवून घेई. संगणक वाढले तशी ही पद्धत कोलमडू लागली. पोस्टेल यांनी पॉल मोकापेट्रिस यांच्यावर पर्याय शोधण्याची जबाबदारी सोपवली आणि १९८३ मध्ये मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची यंत्रणा मांडली. वरच्या पातळीवर कोणती नावे असावीत, हे पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांच्या ऑक्टोबर १९८४ च्या टिपणातून ठरले. व्यापारासाठी डॉट कॉम, शिक्षणासाठी डॉट ईडीयू, संस्थांसाठी डॉट ओआरजी, तसेच सरकार आणि लष्कर यांच्यासाठी प्रत्येकी एक.

यासोबत प्रत्येक देशासाठी दोन अक्षरांचे नाव ठेवले गेले. इथे पोस्टेल यांनी दाखवलेले शहाणपण पुढे फार उपयोगी पडले. देश कोणता आणि कोणता नाही, हे आपण ठरवायचे नाही, असे त्यांनी ठरवले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आधीच केलेली देशांच्या संक्षेपांची यादी त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली. त्यामुळे जगातील सीमावादांपासून इंटरनेटची मूळ यादी बऱ्याच अंशी दूर राहिली.

भारताला डॉट इन हे नाव मे १९८९ मध्ये मिळाले. देशात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, म्हणजे नाव सहा वर्षे आधीच आले होते. ते सांभाळण्याचे काम मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीएसटीकडे होते. डॉ. श्रीनिवासन रमाणी तेव्हा या केंद्राचे संचालक होते. त्या काळी अनेक देशांची नावे अशीच विद्यापीठांतील आणि संशोधन संस्थांतील जबाबदार लोकांकडे सोपवली गेली. मोठमोठे करार नव्हते. ओळख, पत्रव्यवहार आणि विश्वास एवढ्या भांडवलावर कारभार चाले.

विश्वस्त की मालक?

मार्च १९९४ मध्ये पोस्टेल यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. पत्त्यांच्या धोरणात सामान्य वापरकर्त्याचे स्थान काय, याचे उत्तर शोधताना आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. वरच्या पातळीचे नाव सांभाळणारी संस्था त्या नावाची मालक नसून विश्वस्त असते, ही त्यातली मुख्य भूमिका. हक्क आणि मालकी यांची भाषा इथे गैरलागू आहे, समाजाची सेवा आणि जबाबदारी यांची भाषा हवी, असे त्यांचे म्हणणे होते. देशाचे नाव सांभाळणाऱ्याने त्या देशातील लोकांप्रति आणि जगभरच्या इंटरनेट समुदायाप्रति असे दुहेरी उत्तरदायित्व मानावे, सर्व अर्जदारांना समान वागणूक द्यावी आणि ज्यांचा संबंध आहे त्यांची संमती असावी, या अटी त्यांनी घातल्या.

देवस्थानाच्या जमिनीचा कारभार पाहणारा विश्वस्त ती जमीन विकू शकत नाही, हे आपल्याकडे कोणालाही समजते. पोस्टेल यांनी इंटरनेटच्या नावांना हाच न्याय लावला. क्रमांकांच्या बाबतीतही त्यांनी हाच मार्ग धरला. आयपी पत्ते एका खोलीतून जगाला वाटण्यापेक्षा प्रत्येक विभागाने आपले पाहावे, या विचारातून युरोपसाठी १९९२ मध्ये, आशिया-प्रशांत विभागासाठी १९९३ मध्ये आणि उत्तर अमेरिकेसाठी १९९७ मध्ये स्वतंत्र नोंदणी संस्था उभ्या राहिल्या. या संस्थांच्या धोरण बैठका खुल्या असतात. सदस्य नसलेली व्यक्तीही तिथे प्रस्ताव मांडू शकते.

मग वाद कशावरून पेटला?

कारण पैसा आला. डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ओआरजी या नावांची नोंदणी १९९३ पासून नेटवर्क सोल्युशन्स या खासगी कंपनीकडे होती. सुरुवातीला नाव फुकट मिळे. सप्टेंबर १९९५ पासून कंपनीला शुल्क घेण्याची परवानगी मिळाली: पहिल्या दोन वर्षांसाठी १०० डॉलर, नंतर दरवर्षी ५० डॉलर. पर्याय नव्हता आणि वेब नुकतेच लोकप्रिय होत होते. एका टिपणातून जन्मलेली नावे आता सोन्याची खाण ठरली.

स्पर्धा आणावी म्हणून पोस्टेल यांनी १९९६ मध्ये मोठ्या संख्येने नवी वरची नावे आणण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातून पुढे एक आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. तिने फेब्रुवारी १९९७ मध्ये सात नवी नावे सुचवली आणि मे महिन्यात जिनिव्हा येथे करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. मात्र नेटवर्क सोल्युशन्सला तो मान्य नव्हता, ट्रेडमार्क असलेल्या कंपन्यांना धास्ती होती आणि आपल्या पैशांतून उभी राहिलेली यंत्रणा जिनिव्हाला जाणार, यावर अमेरिकेत नाराजी होती. सामान्य वापरकर्त्यांच्या संघटनांचीही तक्रार होती, की या समितीत आमचे कोणी नाही. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या प्रशासनाने जुलै १९९७ मध्ये हा विषय आपल्या हाती घेतला आणि जिनिव्हा करार मागे पडला.

२८ जानेवारी १९९८ रोजी काय घडले?

पोस्टेल यांच्या आयुष्यातला हा सर्वांत वादग्रस्त दिवस. नावांची मूळ यादी जगभरातील डझनभर मूळ सर्व्हरवर असते. हे सर्व्हर त्या काळी नेटवर्क सोल्युशन्सच्या मुख्य सर्व्हरकडून यादी उतरवून घेत. त्या दिवशी पोस्टेल यांनी आठ मूळ सर्व्हरच्या चालकांना ई-मेल पाठवली आणि यापुढे यादी आयानाच्या सर्व्हरकडून घ्यावी, अशी सूचना केली. आठही जणांनी ती पाळली. सरकारी यंत्रणांचे आणि कंपनीचे सर्व्हर जुन्याच ठिकाणी राहिले. यादीतला मजकूर दोन्हीकडे सारखाच असल्याने वापरकर्त्यांना काहीही जाणवले नाही. पण इंटरनेटचा मुख्य दोर कोणाच्या हातात आहे, हे जगाला दिसले.

क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी पोस्टेल यांना कडक शब्दांत समज दिली. ही केवळ चाचणी होती, असे पोस्टेल यांनी सांगितले आणि काही दिवसांत सर्व पूर्ववत झाले. दोनच दिवसांनी, ३० जानेवारीला, अमेरिकी सरकारचा धोरण मसुदा जाहीर झाला. त्या मसुद्याला शह देण्याचा हा प्रयत्न होता की खरोखरच तांत्रिक चाचणी, यावर आजही दोन मते आहेत. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना मान्य करावी लागली. आठ चालकांनी लेखी कराराशिवाय केवळ पोस्टेल यांच्या शब्दावर यादीचा स्रोत बदलला, ही त्यांच्यावरच्या विश्वासाची पावती होती. पण त्यातच धोकाही होता. उद्या त्यांच्या जागी दुसरा कोणी आला तर काय?

वापरकर्त्यांसाठी नऊ जागा कशा आल्या?

सरकारचे अंतिम धोरण ५ जून १९९८ रोजी आले. स्थैर्य, स्पर्धा, तळातून वर जाणारे निर्णय आणि प्रतिनिधित्व ही त्याची चार तत्त्वे. सरकारने बाजूला व्हावे आणि ना-नफा तत्त्वावरील खासगी संस्थेने काम पाहावे, असे त्यात म्हटले होते. संस्था कशी असावी, यावर त्या उन्हाळ्यात अमेरिका, जिनिव्हा, सिंगापूर आणि ब्युनोस आयर्स येथे खुल्या बैठका झाल्या. पोस्टेल यांनी वकील जो सिम्स यांच्या मदतीने एकामागून एक मसुदे तयार केले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी कॅलिफोर्नियात ‘आयकॅन’ या संस्थेची नोंदणी झाली.

तिच्या संचालक मंडळात १९ जागा होत्या. क्रमांक, नावे आणि तांत्रिक नियम सांभाळणाऱ्या संघटनांना मिळून नऊ, अध्यक्षाची एक आणि उरलेल्या नऊ जागा कोणत्याही उद्योगाशी न बांधलेल्या, सर्वसाधारण इंटरनेट समुदायासाठी. ज्याने वर्षानुवर्षे एकट्याने निर्णय घेतले, त्याच्याच मसुद्यात जवळपास निम्मे मंडळ सर्वसामान्यांचे होते.

या कामातही उणिवा होत्या आणि त्या काळात त्यावर सडकून टीका झाली. खुल्या बैठकांचा समारोप करणारी ठरलेली बैठक झालीच नाही. अंतिम मसुदा मोजक्या लोकांच्या चर्चेतून आला. पहिले नऊ सर्वसाधारण संचालक निवडून न येता हंगामी म्हणून नेमले गेले आणि त्यांची निवड कशी झाली, हे लोकांना आधी कळले नाही. वापरकर्त्यांचे मतदान कसे घ्यायचे, हा सर्वांत अवघड प्रश्न नंतरसाठी ठेवला गेला. विश्वासावर कारभार करण्याची सवय असलेल्या माणसाला प्रक्रियेचे महत्त्व उशिरा उमगले, असा टीकाकारांचा सूर होता.

पोस्टेल यांना हे दुरुस्त करण्याची संधी मिळाली का?

नाही. ७ ऑक्टोबर १९९८ रोजी त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे नव्या संस्थेच्या बाजूने साक्ष दिली. आयकॅनमध्ये ते मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होणार होते. त्यांना हृदयाच्या झडपेचा जुना त्रास होता आणि १९९१ मध्ये त्यावर शस्त्रक्रिया झाली होती. झडप पुन्हा बदलण्यासाठी ते रुग्णालयात दाखल झाले. गुंतागुंत निर्माण होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. वय होते ५५. आरएफसी मालिकेत त्यांना निरोप देणारे टिपण त्यांचे जुने मित्र व्हिंट सर्फ यांनी लिहिले. ज्या मालिकेचे संपादन पोस्टेल यांनी केले, तिच्यातच त्यांच्या मृत्यूची नोंद झाली. नऊ दिवसांनी आयकॅनच्या संचालक मंडळाची पहिली बैठक झाली. एस्थर डायसन अध्यक्षस्थानी होत्या.

वापरकर्त्यांनी मतदान केले का?

होय, एकदाच. वापरकर्त्यांच्या नऊपैकी पाच जागांसाठी ऑक्टोबर २००० मध्ये जगभर ऑनलाइन निवडणूक झाली, प्रत्येक खंडाला एक जागा. सोळा वर्षांवरील कोणालाही नोंदणी करता येत होती. मतदार खरा आहे का, हे तपासण्यासाठी गुप्त क्रमांक मात्र टपालाने घरी पाठवला जाई. सुमारे १ लाख ५८ हजार जणांनी नोंदणी केली, त्यातील सुमारे ७६ हजारांनी ती पक्की केली आणि ३४ हजारांच्या आसपास लोकांनी मत दिले. युरोपातून जर्मनीतील हॅकर संघटनेचे अँडी म्युलर-मागून, तर उत्तर अमेरिकेतून आयकॅनचे कठोर टीकाकार कार्ल ऑरबाख निवडून आले. आशिया-प्रशांत विभागातून जपानचे मासानोबू कातो विजयी झाले.

ऑरबाख यांनी संचालक या नात्याने संस्थेचे दप्तर पाहायला मागितले. अटींशिवाय ते मिळेना, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये जिंकले. वापरकर्त्यांच्या प्रतिनिधीने हिशेब तपासणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ होता. पण त्याच वर्षी संस्थेची फेररचना झाली. कोट्यवधी वापरकर्ते असताना काही हजार मतांना जगाचा कौल कसे म्हणायचे, एखादा देश किंवा कंपनी मतदार गोळा करून जागा बळकावेल, खर्चही परवडणारा नाही, अशी कारणे देण्यात आली. या कारणांत तथ्य होते. पण त्यावर पद्धत सुधारण्याऐवजी निवडणूकच रद्द झाली.

आज सामान्य वापरकर्त्याला कितपत जागा आहे?

थेट मतदानाच्या जागी सल्लागार समिती आली. तिच्यात १५ सदस्य असतात. दहा जण पाच विभागीय संघटनांतून येतात, पाच जणांची निवड नामनिर्देशन समिती करते. ही समिती कोणत्याही धोरणावर मत देऊ शकते, पण ते बंधनकारक नसते. बऱ्याच मागणीनंतर २०१० पासून वापरकर्त्यांच्या या गटाला संचालक मंडळात मतदानाचा हक्क असलेली एक जागा मिळाली. मंडळात मतदान करणारे १६ संचालक आहेत. पोस्टेल यांच्या मसुद्यातील १९ पैकी ९ आणि आजच्या १६ पैकी १ यांतले अंतर उघड आहे.

दुसरी बाजूही पाहायला हवी. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकी सरकारने यादीवरील आपली देखरेख संपवली. त्यानंतर संचालक मंडळावर अंकुश ठेवण्यासाठी पाच गटांचा समुदाय तयार झाला आणि वापरकर्त्यांची समिती त्यातला एक गट आहे. अंदाजपत्रक फेटाळणे, अगदी संपूर्ण मंडळ बरखास्त करणे, हे अधिकार या समुदायाला आहेत. या बदलानंतरची पहिली मोठी बैठक नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबाद येथे झाली.

लोकांच्या हरकतींना किती वजन असते, याची परीक्षा डॉट ओआरजीच्या निमित्ताने झाली. पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांच्या १९८४ च्या टिपणातले हे नाव. २०१९ मध्ये त्याच्या दरावरील मर्यादा काढण्यात आली, तेव्हा हजारो लोकांनी आणि सेवाभावी संस्थांनी हरकती नोंदवल्या, पण उपयोग झाला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे नाव सांभाळणारी संस्था इथॉस कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला सुमारे ११३ कोटी डॉलरना विकण्याचा करार जाहीर झाला. विकणारी होती इंटरनेट सोसायटी, जिचे पहिले वैयक्तिक सदस्य स्वतः पोस्टेल होते. या वेळी विरोध अधिक संघटित होता. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनीही आक्षेप घेतला. अखेर ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने परवानगी नाकारली. विश्वस्त की मालक, हा १९९४ चा प्रश्न २६ वर्षांनी पुन्हा त्याच रूपात समोर आला होता.

मराठी वापरकर्त्याचा याच्याशी काय संबंध?

दीर्घकाळ इंटरनेटवरचा पत्ता रोमन अक्षरांतच लिहावा लागे. देवनागरीतील ‘.भारत’ हे नाव ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले. मराठी, हिंदी, कोंकणी यांच्यासह आठ भाषांसाठी ते एकत्र आहे. पण वरच्या पातळीच्या नावांत देवनागरीतील कोणती अक्षरे आणि कोणते जोड चालतील, याचे नियमही ठरवावे लागतात. दोन नावे दिसायला सारखी आणि आतून वेगळी असतील, तर फसवणूक सोपी होते. हे नियम ठरवण्यासाठी भारतीय लिप्यांच्या जाणकारांचा गट बसला. हिंदीला न लागणारा, पण मराठीला अत्यावश्यक असलेला ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतला अर्धा र त्या नियमांत बसवला गेला. ‘किनाऱ्यावर’ किंवा ‘तऱ्हा’ लिहिणाऱ्यालाच त्याची गरज कळते. ते सांगणारे टेबलाभोवती नसते, तर मराठीचे एक चिन्ह मूळ यादीबाहेर राहिले असते.

यातून दरवाजा कुठे आहे, हेही दिसते. डॉट इनचे धोरण २००५ पासून ‘निक्सी’ या संस्थेकडे आहे आणि देशातील आयपी पत्त्यांचे वाटपही तिच्याच शाखेमार्फत होते. आशिया-प्रशांत नोंदणी संस्थेच्या धोरण चर्चेत कोणीही भाग घेऊ शकतो. आयकॅनच्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रस्तावावर ठरावीक मुदतीत लेखी हरकत पाठवता येते. ग्राहक संघटना, संगणक क्लब किंवा भाषेसाठी काम करणारी संस्था वापरकर्त्यांच्या विभागीय संघटनेची सदस्य होऊ शकते. अडचण आहे ती भाषेची, वेळेची आणि हा विषय आपला नाही या समजुतीची. प्रस्ताव शेकडो पानांचे आणि बहुतांशी इंग्रजीत असतात. कंपन्या ते वाचण्यासाठी पगारी माणसे ठेवतात, वापरकर्त्यांकडे तशी सोय नाही.

पोस्टेल यांच्या पश्चात काय उरले?

त्यांच्या नावाने इंटरनेट सोसायटी १९९९ पासून सेवा पुरस्कार देते. २०१२ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. त्यांनी संपादित केलेल्या नियमांवर आजही ई-मेल जाते, पाने उघडतात. सुमारे ४३० कोटी आयपी पत्त्यांचा मूळ साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि नव्या, प्रचंड मोठ्या क्रमांकपद्धतीकडे जग सरकत आहे. तिचे वाटपही त्यांनी आखलेल्या विभागीय मार्गानेच होते.

वापरकर्त्यांच्या जागांचा हिशेब मात्र अपुरा राहिला. एका विश्वासू माणसाची जागा संस्थेने घ्यावी, हे त्यांचे उद्दिष्ट पूर्ण झाले. त्या संस्थेत जवळपास निम्मी जागा सामान्यांची असावी, हे झाले नाही. निवडणूक पुन्हा घ्यावी की आजची समिती अधिक सबळ करावी, यावर मतभेद आहेत. पोस्टेल यांच्या १९९४ च्या टिपणातील कसोटी मात्र दोन्ही बाजूंना लागू पडते. यादी सांभाळणारा तिचा विश्वस्त असेल, तर ज्यांच्यासाठी ती सांभाळली जाते त्यांना हिशेब विचारण्याची सोय असलीच पाहिजे, आणि ती सोय वापरणारे लोकही असले पाहिजेत.